डोंगराकडं पाठ

नागू, तुला बसवून पुरलं.

आपल्यात रीतच आहे ती. कपाळाला विभूती, हातात गळ्यातलं लिंग, मांडी घालून बसवायचं आणि वरून माती लोटायची. माझ्या आप्पांना असंच बसवलं होतं, आजीलाही. तेव्हा मी तिथंच उभा होतो आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पण तुझ्या वेळी स्वामी खड्ड्यात उतरले, तुझ्या पाठीमागं माती दाबून आधार द्यायला लागले, आणि माझं डोकं फिरलं. सगळ्या हुलसूर गावासमोर मी ओरडलो, "आडवी करा तिला! अख्खा उन्हाळा बाईची पाठ टेकली न्हाई. आता तरी आडवी होऊ द्या!"

थोरल्या भावानं, अण्णानं, माझा दंड धरला. स्वामी म्हातारे आणि शांत. म्हणाले, "बाबा, लिंगात मिळाली ती. तिला आता बसलं काय आन् झोपलं काय, एकच." मी म्हणालो, "तुमी एक रात बसून खोकत काढा, मग सांगा एकच हाय का." मग मला बाजूला नेलं. तुझ्यावर पहिली मूठ टाकायला मी नव्हतो.

त्यांना तरी काय माहीत? आडवं झालं की तुला ढास लागायची, म्हणून पाठीशी सरकीची पोती लावून तू बसल्या बसल्या डुलक्या काढायचीस, हे बघायला माझ्याशिवाय तिथं होतं कोण? बसून बसून तुझी पाठ सोलवटली होती. मी खोबरेल लावायला गेलो की हात झटकायचीस. आता डोळे मिटले की तू मातीत ताठ बसलेली दिसतेस, आणि मला एवढंच वाटत राहतं की हिला कुणी पाठीला पोतं दिलं का.

हे बालबोध अक्षर तुझंच. मी उर्दू शाळेत शिकलेला, मला मराठी लिहायला तू शिकवलंस, तेही लग्नानंतर, चुलीसमोर राख पसरून. तेव्हा यात जी चूक निघेल ती मास्तरणीची.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला भांडायला बरं. मी खोकल्याची वाट बघतोय. सकाळी उठलो की पहिल्यांदा छातीत काही खरखरतंय का ते बघतो. मुद्दाम खोल श्वास ओढतो. तुझाच आजार मला व्हावा आणि तुझ्या मागोमाग मी निघावं, एवढं एकच मागणं माझ्याजवळ उरलंय. अव्वा म्हणते, आईसमोर असं वंगाळ बोलू नये. मी बोलत नाही. लिहितोय.

तुला आठवतं, बीदरच्या दवाखान्यात त्या डॉक्टरनं आपल्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला एकट्यालाच आत बोलावलं. म्हणाला, "मियाँ, टीबी है. सुयां देतूं, मगर सुयां से ज्यादा हवा होना. खुली हवा, सूखी हवा, पहाड की हवा. और सुनो, एक थाली में नक्को खाओ." मी बाहेर आलो तर तू विचारलंस, "काय म्हन्ला?" मी म्हणालो, "अशक्तपणा हाय." तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "मग तुमचं तोंड कामून असं झालंय? अशक्त तुमी हाव का मी?"

घरी तुझं वेगळं ताट निघालं. अव्वानं त्याच्या काठाला लाल दोरा बांधला, म्हणजे कुणी चुकून घेऊ नये. मग तुझी वेगळी घागर झाली. मग अण्णाच्या लेकरांना तुझ्याजवळ जायची बंदी झाली, आणि शेवटी एक दिवस मी भालकीहून आलो तर तुझी खाट गोठ्यात. म्हशीच्या शेजारी. अव्वा रडत होती आणि रडत रडतच सांगत होती, "लेकराबाळांचं घर हाय बाबा, मी तरी काय करू?" तिच्यावर रागवावं तर ती चुकीचंही बोलत नव्हती. गोठ्याला एक झरोका, तोही कडब्यानं बुजलेला. तू मला बघून म्हणालीस, "म्हस खोकत न्हाई माझ्यासंगं, तेवढंच बरंय."

मी तसाच माघारी भालकीला गेलो. मी ज्या कापसाच्या जिनावर ड्रायव्हर, ते जिन उन्हाळ्यात बंद असतं आणि लारी शेडमध्ये धूळ खात पडते. पोलीस ॲक्शनच्या वेळी आलेली लष्करी लारी ती, पुढं लिलावात मालकानं घेतलेली. मी मालकाला म्हणालो, "मालक, मला लारी द्या. उन्हाळाभर." मालकाला वाटलं, मी लग्नाची वऱ्हाडं मारणार. म्हटलं, "न्हाई मालक. ऱ्हायला द्या." तो भला माणूस. सुपारी चघळत म्हणाला, "मिरगाला परत आन. आन् धुऊन आन."

मग मी लारीचं घर केलं. वर दुहेरी ताडपत्री घातली, मधे कडब्याचा थर. ड्रायव्हरच्या डोक्यामागची ताडपत्री कापून खिडकी केली. तुझी खाट मागच्या फाळक्याशी बांधली, कारण तुला चढाउतरायला सोपं. माझं अंथरूण पुढं, खिडकीखाली. कडीला कंदील, हुकाला शिंकं, कोपऱ्यात ट्रंक, खाली चाकांच्या मधे पाण्याचा माठ. अण्णा बघून म्हणाला, "बायकोला लारीत ठेवतो म्हन्तोस? डोंबारी हाव का आपण?" मी म्हणालो, "डोंबारी बायकोला म्हशीजवळ बांधत न्हाई." त्यावर त्यानं हात उगारला होता, आठवतं? अव्वा मधे पडली. आणि तू फाळक्यावर चढून बसलेली, तिथूनच म्हणालीस, "लवकर चला. मला आता कुटंबी न्या, पर ह्या दोघांच्या मधनं काडा."

त्या दिवशी मी तुला पुढं बसवलं, माझ्या शेजारी. आपलं लग्न रझाकाराच्या धामधुमीत झालेलं, वाजंत्री नाही, वरात नाही, तू माळवदावरून उतरून अंधारात बैलगाडीत बसलीस ती थेट आमच्या दारात. तेव्हा मी तुला सांगितलं की ही घे तुझी वरात, उशिरा का होईना. गावातून जाताना तू पदर नाकापर्यंत ओढून घेतला होतास. वेशीबाहेर पडल्यावर तो हळूहळू वर गेला, आणि आपल्या बीदरकडच्या कल्याणच्या रस्त्याला लागल्यावर तू हात खिडकीबाहेर काढून वाऱ्यात धरलास. खोकला आला, थांबला, परत आला. पण तू हात आत घेतला नाहीस. मी लारी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घातली. त्या दिवसाबद्दल मी कुणाचे उपकार मानू ते मला कळत नाही.

कल्याणच्या पलीकडं डोंगर सुरू होतात तिथं एका मोठ्या निंबाजवळ आपण मुक्काम केला. जवळ विहीर, पलीकडं लमाणांचा तांडा, आणि मावळतीला पसरलेली डोंगराची रांग, सीताफळीच्या झुडपांनी भरलेली. मी मोठ्या ऐटीत लारी वळवली आणि मागचा भाग बरोबर डोंगराकडं करून उभी केली. फाळका पाडला की तुला खाटेवरून समोर अख्खा डोंगर दिसावा. तू बघितलंस आणि म्हणालीस, "ह्याला डोंगर म्हन्तेत व्हय? आमच्या उदगीरकडचे बांध याच्यापरीस उंच असतेत." मी हसलो. मग तू म्हणालीस, "फिरवा."

"काय फिरवू?"

"लारी फिरवा. मला न्हाई बगायचा डोंगर. ऊन लागायलंय डोळ्यावर."

मी हँडल मारून मारून ते धूड चालू केलं आणि फिरवलं. लारीचं तोंड डोंगराकडं, फाळका उगवतीकडं. आता तुझ्यासमोर होतं काय? एक करपलेलं रान आणि कुणाच्या तरी शेतातलं बुजगावणं.

तिथून आपलं ते भांडण सुरू झालं आणि ते कधीच संपलं नाही. सुई द्यायला तुला कल्याणच्या दवाखान्यात नेऊन आणलं की मी परत आपला डोंगराकडं फाळका करून लारी लावायचा, आणि तू खाली पाय ठेवायच्या आधी म्हणायचीस, "फिरवा." सकाळी ऊन उगवतीकडून यायचं, तरी "फिरवा." ढग असले तरी "फिरवा." एकदा मी वैतागून म्हणालो, "आता कुटंय ऊन? कामून फिरवायचं?" तर म्हणालीस, "मला डोंगर आवडत न्हाई. छातीवर बसल्यावानी वाटतंय." तेव्हा मात्र माझा तोल गेला. म्हणालो, "डोंगर बगायचाच नव्हता तर गोठा काय वाईट होता?"

तू चिडली नाहीस. साध्या आवाजात म्हणालीस, "गोठ्यात वारं नव्हतं."

मला वाटलं, आजारी माणूस, काहीतरी बोलायलंय. मी हँडल घेऊन खाली उतरलो.

तांड्यावरची म्हातारी याडी तुला शेळीचं दूध आणून द्यायची. याडी म्हणजे त्यांच्यात आई. तिची तुझी चांगली गट्टी जमली. तिच्या अंगावरच्या आरशांत तू स्वतःचं तोंड बघायचीस आणि म्हणायचीस, "याडी, तुज्या चोळीत मी धा दिसायले आन् धाबी वाळलेल्या." तुला बसायला मी निंबाखाली घोंगडी टाकायचो. तू सगळ्यांच्या जागा ठरवून द्यायचीस. याडी, तू इथं बस. अवो, तुमी तिकडं बसा. मी म्हणायचो, काय पाटलीण आहे! कल्याणच्या बाजारातून मी बातमी आणायचो की राज्यं नव्यानं वाटणार, हैद्राबाद मोडणार, आपण म्हैसुरात जाणार की मुंबईकडं, यावर लोक हमरीतुमरीवर आलेत. तू म्हणायचीस, "भालकी कुणाच्याबी वाटणीला जाऊंद्या. माझा खोकला का कानडीत येणार हाय?" हसता हसता खोकायचीस आणि खोकता खोकता मला हातानं लांब सारायचीस. तो हात मला सोडत नाही, नागू. बोटं सगळी हाडं झालेली आणि त्यांच्यात ढकलायचं एवढं बळ.

आणि ताट. ताटावरून तर आपण गावाला ऐकू जाईल असं भांडलो, पण तिथं ऐकायला गाव नव्हतं. लग्न झाल्यापासून तू माझ्या मागं माझ्याच ताटात जेवायचीस. आपल्याकडच्या बायका तशाच जेवतात, त्यात मला कधी काही वाटलंही नव्हतं. पण अव्वानं ताटाला दोरा बांधला आणि माझ्या डोक्यात राख गेली. मी ठरवलं, आता मी हिच्या ताटात जेवणार. हिच्या मागं. बाप्या माणूस बायकोच्या उष्ट्या ताटात बसला तर गाव तोंडात शेण घालेल, घालू दे. डोंगराशी कोण बघायला येतंय!

तू काय केलंस? तू एकदम मोठी शिवभक्त झालीस. भाकरीचा शेवटचा तुकडा खाल्लास की तांब्यातलं पाणी ताटात ओतायचं, बोटानं ताट फिरवून धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. वर पदरानं ताट कोरडं. आपल्यातले जुने लोक तसं करतात हे मला ठाऊक होतं, अन्न म्हणजे प्रसाद, कण वाया जाऊ द्यायचा नाही. पण तू? जी पूजेला बसल्यावर डोळे मिटून माझ्याशी बोलायची ती? मी म्हणालो, "कवापस्नं येवढी भक्ती?" तू म्हणालीस, "मरायच्या येळंला तरी परसाद सांडू न्हाई." मी म्हणालो, "मरायची येळ कुणी सांगितली तुला? बीदरच्या डॉक्टरनं सांगितली का मी?" तू ताट पुसत होतीस.

एक दिवस मी ताटावर झडप घातली. अर्धी भाकरी शिल्लक होती, शेंगाच्या चटणीत कुस्करलेली. मी घास उचलला आणि तोंडात टाकला. तू किंचाळलीस. एवढा आवाज त्या छातीतून येईल असं मला वाटलं नव्हतं. तांड्यावरची कुत्री भुंकायला लागली. मग तू जेवण सोडलंस. त्या दिवशी जेवली नाहीस, दुसऱ्या दिवशीही नाही. आंबील दिली तर तोंड फिरवलंस. सुई घेणाऱ्या माणसानं उपाशी राहायचं नसतं, मी पाया पडलो. तू गळ्यातलं लिंग काढून माझ्या तळहातावर ठेवलंस आणि म्हणालीस, "ह्याच्यावर हात ठिवून बोला, पुन्ना माझ्या ताटाला शिवणार न्हाई." मी म्हणालो, "नागू, हे लई हुतंय." तू म्हणालीस, "मग मी मरते उपाशी. कसंबी मरायचंच हाय." मी शपथ घेतली. आणि मूर्खासारखी पाळली. ती मोडायला पाहिजे होती. कुणाला कळलं असतं?

त्यानंतर तू माझ्याशी नीट बोललीस असं मला आठवत नाही. भाजीत मीठ जास्त. पाणी गढूळ. लारीला तेलाचा वास येतो. तुमच्या घोरण्यानं झोप लागत नाही, खाली जाऊन झोपा. मी खाली, चाकांच्या मधे, माठाशेजारी झोपायचो आणि वरून तुझा खोकला ऐकायचो. मनात म्हणायचो, आजारानं बाईचा स्वभाव खाल्ला. एवढी गोड बोलणारी बाई! मी याडीपाशी तक्रार केली. ती म्हणाली, "मालक, जिसका जी जास्ती लगता, वोच ज्यादा भांडती." मला त्या वेळी ते नुसतं म्हातारीचं शहाणपण वाटलं.

तू गेलीस तो दिवस. वारं पडलेलं होतं. निंबाचं पान हलत नव्हतं. तू पोत्यांना टेकून बसलेली, ओठ कोरडे, नखं निळसर. मी फाळक्यावर तुझ्या पायाशी येऊन बसलो. तू म्हणालीस, "इतं नगा बसू. वारं न्हाई आज. निंबाखाली जाऊन बसा." मी म्हणालो, "मला बसू दे गं." "जावा म्हन्ते ना. च्या करा जावा." मी रागानं उठलो. खरंच रागानं. चूल पेटवली, गूळ घातला, आलं ठेचलं, आणि मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या की माणसानं जीव टाकायचा आणि हिनं कुत्र्यासारखं हाकलायचं. चहा घेऊन आलो तर तू तशीच बसलेली होतीस. डोंगराकडं पाठ, डोळे त्या बुजगावण्याकडं उघडे.

शेवटच्या श्वासाला मी पंधरा पावलांवर चहा उकळत होतो, नागू. तू मला तिथं पाठवलंस. हे मी तुला कधी माफ करीन असं वाटत नाही.

तुझं अंग बसल्या ठिकाणीच आखडलं होतं. याडीनं आणि तिच्या सुनेनं तुला उचलून पुढं आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. पलीकडून याडी तुला धरून बसली. हुलसूरपर्यंत ती एकच वाक्य म्हणत होती, "धीरे चलाव मालक, बाईला झटका लागंल." मी इतकी हळू लारी आयुष्यात चालवली नाही.

मातीनंतर अण्णानं तुझी गोधडी जाळायला सांगितली. मी जाळतो म्हणालो आणि लारीतच लपवली. मग मालकाची लारी धुऊन परत करायची वेळ आली, तर माठ आणि घोंगडी तिकडंच निंबाखाली राहिलेली. ती आणायला म्हणून मी एकटा डोंगराशी गेलो. तिथं पोचल्यावर हात आपोआप वळले, आणि मी लारी डोंगराकडं फाळका करून लावली. आता "फिरवा" म्हणायला कोण होतं? म्हटलं, चला, आज तरी बघू डोंगर. फाळका पाडला, गोधडी तुझ्या खाटेवर ठेवली आणि पुढं खिडकीखाली माझ्या जागेवर जाऊन बसलो.

मावळतीचं वारं सुटलं होतं. डोंगरावरून येणारं, उन्हाळाभर त्याच बाजूनं येणारं. ते फाळक्यातून आत शिरलं, तुझ्या खाटेवरून आलं आणि सरळ माझ्या तोंडावर. त्यात तुझा वास होता. निलगिरीचा, खोबरेलाचा, तापाच्या घामाचा. नागू, अख्खा उन्हाळा एकाच लारीत राहिलो आणि तुझा वास मला कधी आला नव्हता! तोपर्यंत ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मी उठलो, हँडल मारलं, लारी फिरवली. परत आपल्या जागेवर बसलो. आता वारं माझ्या डोक्यामागच्या खिडकीतून आत आलं, माझ्या अंगावरून गेलं, तुझ्या खाटेवरून गेलं आणि फाळक्यातून बाहेर, त्या बुजगावण्याकडं. वास बंद झाला.

तू खळ्यात वाढलेली. उफणताना कुणी कुठं उभं राहायचं, भुसा कुणाच्या अंगावर जातो, हे तुला लहानपणापासून ठाऊक. याडीला कुठं बसवायचीस, मला कुठं बसवायचीस, सगळं माझ्या डोळ्यासमोरून गेलं. आम्ही कायम वाऱ्याच्या वरल्या अंगाला आणि तू खाली. आणि वारं पडलेलं होतं त्या दिवशी मला निंबाखाली धाडलंस. मी ड्रायव्हर माणूस, धूळ कुठून कुठं जाते यावर माझं पोट चालतं, आणि मला तू सांगत होतीस की ऊन डोळ्यावर येतं!

मग माझं मलाच आवरलं नाही. मी तुझी गोधडी ओढून घेतली, तोंडावर दाबली आणि ओढता येईल तेवढा श्वास आत ओढला. परत परत. म्हटलं, बघू कशी अडवतेस आता. याडी दूध घेऊन आली होती, कुणासाठी ते देव जाणे, सवयीनं आली असेल. तिनं माझ्या हातातून गोधडी काढून घेतली, चुलीच्या जागी नेली आणि पेटवली. मी तिला अडवलं नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. काल अण्णा मला गुलबर्ग्याला घेऊन गेला. मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढतात, तो काढल्याशिवाय लेकरांच्या घरात घेता येणार नाही, हे त्याचं म्हणणं. मी मुकाट गेलो. मला तर तेच पाहिजे होतं. सबंध वाटेत मी तुझ्याशी बोलत होतो की आता थोडंच राहिलंय. थंडगार काचेला छाती लावून उभा राहिलो, श्वास धरा म्हणाले, धरला. बराच वेळ बाकावर बसवलं. मग डॉक्टरनं बोलावलं, फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "साफ है. एक दाग भी नहीं. बीवी के साथ पूरी गर्मी रहे बोलते? खुदा का करम है मियाँ."

मी म्हणालो, "परत बगा."

"क्या?"

"नीट बगा डॉक्टरसाब. असंल कुटंतरी. बारीक असंल. मी एका लारीत ऱ्हायलोय तिच्यासंगं." मी त्याच्या हातातून फोटो ओढायला लागलो. अण्णानं मला मागून मिठी मारली. मी लहान पोरासारखा हमसून रडत होतो आणि बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात येऊन बघत होती.

डॉक्टरला राग आला नाही. त्यानं चष्मा काढला आणि विचारलं, "अरे, लोगां यहाँ दाग निकला तो रोते. तू क्यूं रोरा?"

मला सांगता आलं नाही, नागू. उन्हाळाभर एक मरणारी बाई माझ्याशी भांडत होती आणि ते भांडण ती जिंकली, हे त्याला कसं सांगू? अण्णा मला धरून बाहेर घेऊन आला. म्हणाला, "घरी चल. अव्वा वाट बगायलीय." मी गेलो.